फाटा आणि गाव

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागले आणि भूगाव-भुकूम मागे पडले की पिरंगुटजवळ घोटावडे फाटा येतो. हॉटेले, गॅरेजे, कारखान्यांच्या गाड्या, सगळी वर्दळ इथेच. नवखा माणूस यालाच घोटावडे समजून उतरतो. गाव मात्र उजव्या हाताच्या रस्त्याने काही किलोमीटर आत आहे. आपल्याकडे फाट्याला गावाचे नाव असते, पण फाटा म्हणजे गाव नव्हे.

या नावात आणखी एक चकवा आहे. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर तळेगावच्या अलीकडे घोरावडी स्टेशन आहे आणि त्याच परिसरात घोरावडेश्वराची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. घोटावडे आणि घोरावडे, एका अक्षराचा फरक. पण माणूस मावळाऐवजी मुळशीत पोहोचतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही काही शिक्षक सहकुटुंब घोटावड्याला गेलो होतो. भातकापणी चालू होती. एका खळ्याजवळ सोलापूरकडची एक गाडी येऊन थांबली. त्यांना लेणी पाहायची होती. दहा-बारा वर्षांच्या मुलाने फोनवर गावाचे नाव घातले होते, ते हेच निघाले. वडील चिडलेले, आई गप्प, मुलगा मान खाली घालून बसलेला.

खळ्यावरचे आजोबा म्हणाले, “लेणी राह्यली तिकडं लांब. पण वाट चुकला म्हणून तर आमच्याकडं आला ना? बसा, पाणी घ्या.”

वाचकहो, हे वाक्य आपल्या दोन्ही भाषांत आहे. बऱ्याच दिवसांनी कुणी दारात आले की मराठीत म्हणतात, “आज इकडे कुठे वाट चुकलात?” आपल्या घरात खाला हेच म्हणते, “आज इधर कैसे रास्ता भूल गए?” त्यात लटका रुसवा असतो आणि स्वागतही. वाट चुकणे हे पाहुणा येण्याचे एक कारण आहे, हे आपली बोली केव्हाच मानून बसली आहे.

आजोबांनी मूठभर दाणे मुलाच्या हातावर ठेवले. तो आंबेमोहोर होता. मुलाने हुंगून पाहिले आणि पहिल्यांदाच तोंड उघडले, “याला मोहोराचा वास कसा काय?” मग प्रश्न थांबेनात. आजोबा सांगत होते: याचे पीक कमी येते, म्हणून बहुतेक जण आता इंद्रायणी लावतात, इंद्रायणीही आंबेमोहोरापासूनच तयार केलेली. वडिलांनी पाच किलो तांदूळ घेतला आणि जाताना पुढचे नाव मुलालाच घालायला सांगितले. आम्हाला तांदळाहून हे मोलाचे वाटले. चुकीबद्दल सतत बोलणी खाणारे मूल चूक लपवायला शिकते, आणि मग वाट विचारायलाही लाजते.

तरीही “चुकीतून चांगलेच निघते” असे सरसकट म्हणवत नाही. याच खोऱ्यात वर मुळशीला टाटांचे धरण आहे. पूर्वेला वाहणारे मुळेचे पाणी तिथून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघराकडे वळवले गेले. मुंबईला वीज मिळाली, खोऱ्यातली भातखाचरे बुडाली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पण धरण थांबले नाही. तिथे वळण एकाने घेतले आणि किंमत दुसऱ्याने मोजली. ज्या चुकीची किंमत आपला स्वतःचा अर्धा तास असतो, तीच हसून सोसावी; दुसऱ्याचे शेत जात असेल तर गाडी वेळीच मागे वळवावी.

घोटावड्याला जायचे असेल तर भातकापणीच्या दिवसांत जा. फाट्यावर चहा घ्या, पण तिथून परत फिरू नका. मुलांना खळ्यावर उतरवा आणि रस्ता त्यांनाच विचारू द्या.