परवाना आणि कौल

परवाना हा शब्द आपल्या बोलण्यांत इतका रुळला आहे कीं, तो मूळचा फारशी असून त्याचा अर्थ सरकारची लेखी आज्ञा असा आहे, याची आठवण आपणांस सहसा होत नाहीं. कोरपन्यास गेलें म्हणजे ती होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमेवरचें, आदिलाबादला लागून असलेलें हें गांव १९५६ पूर्वीं हैदराबाद राज्यांत होतें, आणि जुन्या दप्तराचे शब्द येथील व्यवहारांत अद्याप ऐकूं येतात. आतां ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आहे. तालुक्यांत गडचांदूर व आवारपूर येथें सिमेंटचे कारखाने उभे राहिले आहेत. तरी बाजाराच्या दिवशीं मिरची, डाळ, भाजीपाला व बांगड्या घेऊन बसणारीं माणसें तींच, आणि मराठी, तेलुगु, गोंडी व कोलामी या भाषा एकाच जागीं कानांवर पडतात.

त्या बाजारांत आम्हीं एका वृद्ध भाजीवालीस विचारलें, “माय, तुझ्याजवळ परवाना आहे का?” “हाये नं बाबू,” म्हणून तिनें ओच्यांतून कागदांची एक जुडी काढली. त्या बाजारफीच्या पावत्या होत्या. बाजाराचा हर्रास घेणारा ठेकेदार बैठकीबद्दल जी रक्कम घेतो, तिची ती पोंच. प्रत्येक पावतीचें आयुष्य एका दिवसाचें. अशा शंभर जमविल्या तरी बसावयाच्या हातभर जागेवर तिचा हक्क सिद्ध होत नाहीं. तिला तें ठाऊक नव्हतें, आणि तें तिला सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

ज्याला चार भिंती आहेत, त्याच्यापुरता कायदा पुष्कळ सौम्य झाला आहे. १९४८ च्या दुकानें व आस्थापना कायद्याची जागा २०१७ च्या कायद्यानें घेतली, आणि ज्याच्याकडे दहाहून कमी कामगार असतील त्या दुकानदारास नोंदणीऐवजीं केवळ सूचना देणें पुरेसें ठरविलें. खाद्यपदार्थांच्या लहान विक्रेत्यांसाठीं २०११ च्या नियमांनीं साधी नोंदणी ठेवली. त्या नियमांत वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर शुल्क वर्षाला १०० रुपये ठरविलें होतें. हा बोजा कोणासही जड वाटूं नये. परंतु दुकानाच्या अर्जांत प्रश्न येतो तो जागेच्या पत्त्याचा, आणि जिचें दुकान म्हणजे जमिनीवर पसरलेलें एक गोणपाट, तिनें तेथें काय लिहावें?

या प्रश्नास उत्तर देणारा कायदा २०१४ सालीं झाला. तत्पूर्वीं १९८९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, रस्त्यावर योग्य नियमांखालीं विक्री करणें हा व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र अमुकच जागा मिळावी असा हक्क कोणास नाहीं, असा निर्णय दिला होता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें पुढचें पाऊल टाकलें. निदान दर पांच वर्षांनीं विक्रेत्यांची पाहणी व्हावी, त्यांना विक्री-प्रमाणपत्र मिळावें, आणि तें होईपर्यंत कोणासही उठवूं नये, असें त्यांत स्पष्ट आहे. नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनींच निवडलेले असावेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. हा कायदा मोठ्या शहरांपुरता नाहीं; नगरपंचायतींसही तो लागू आहे.

मराठेशाहींत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकार व्यापाऱ्यांस कौल देत असे: येथें येऊन दुकानें घाला, आरंभीं कांहीं वर्षें कर माफ, तुम्हांस उपद्रव होणार नाहीं. पुढें त्याच दुकानांवर मोहतर्फा नांवाचा कर बसे, हें खरें. पण आधीं अभय आणि मग कर, असा तो क्रम होता. त्या भाजीवालीच्या वांट्यास कर दर आठवड्यास येतो. अभय मात्र तिला कोणीं दिलेलें नाहीं. २०१४ च्या कायद्यांतील प्रमाणपत्र हें आमच्या मतें परवान्यापेक्षां कौलाच्या जातीचें आहे. तें विक्रेत्यास बांधतें, तसेंच कचेरीसही बांधतें.

रस्ता चालणाराचाही आहे, अन्न स्वच्छ असलें पाहिजे, आणि भाडें व कर भरणाऱ्या दुकानदारानें आपल्या दारांतील गर्दीबद्दल कुरकुर केली तर ती अगदींच गैर नव्हे. म्हणूनच नियम हवेत. पण जो नियम माणसाची गणना करण्यापूर्वीं त्यास हलवितो, तो नियम नव्हे, जबरदस्ती होय. आपल्या नगरपंचायतीनें पाहणी केव्हां केली, समिति नेमली आहे कीं नाहीं, प्रमाणपत्रें किती दिलीं, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठीं घासाघीस करावयास आपणांस वेळ असतो. तितकाच वेळ काढून हे तीन प्रश्न कचेरींत लेखी विचारावे. अक्षरओळख असलेल्या माणसानें निरक्षर शेजाऱ्याचें एवढें काम करावें, यांत उपकार तो कसला?