अखेरचा पहारेकरी

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात मारिआनो देल फ्रिउली नावाचे एक लहानसे गाव आहे. 28 फेब्रुवारी 1942 रोजी तेथील एका शेतकरी कुटुंबात दिनो झॉफचा जन्म झाला. बालपणापासून त्याला फुटबॉलचे विलक्षण वेड. त्यातही गोल करण्यापेक्षा गोल अडविण्याची हौस अधिक. परंतु चौदाव्या वर्षी तो मोठ्या संघांकडे गेला, तेव्हा उंची कमी म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. दिनो निमूटपणे घरी आला आणि यंत्रदुरुस्तीचे काम शिकू लागला. आजीने मात्र आशा सोडली नाही. नातवाने रोज आठ अंडी खावीत, असा दंडकच तिने घातला. अंड्यांचा गुण म्हणा की वयाचा, पाच वर्षांत मुलाची उंची सुमारे 33 सेंटिमीटरांनी वाढली!

1961 साली उदिनेसे संघाकडून तो वरिष्ठ स्पर्धेत उतरला. त्या पहिल्याच सामन्यात त्याच्यावर पाच गोल झाले.

गोलरक्षकाचे जिणे असे कठीण असते. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला डोक्यावर घेतात. गोलरक्षकाने दहा चेंडू अडविले आणि अकरावा निसटला, तर तेवढा एकच साऱ्यांच्या लक्षात राहतो. झॉफ यांनाही हा अनुभव आला. 1972 ते 1974 या काळात इटलीकडून खेळताना त्यांनी 1142 मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. पण 1978 च्या विश्वचषक स्पर्धेत दुरून मारलेले काही चेंडू त्यांना अडविता आले नाहीत, तेव्हा सारा दोष त्यांच्याच माथी आला. झॉफ वाद घालीत बसले नाहीत. ते पुन्हा सरावाला लागले.

1982 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते इटलीचे कर्णधार म्हणून स्पेनमध्ये उतरले. बलाढ्य ब्राझीलविरुद्ध इटली 3-2 अशी पुढे होती. सामना संपत आला असता ब्राझीलच्या ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू झॉफ यांनी झेपावून गोलरेषेवरच दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू गोल झाला म्हणून हात उंचावू लागले. पण पंचांनी गोल दिला नाही. पुढे 11 जुलै रोजी माद्रिदला पश्चिम जर्मनीस 3-1 असे हरवून इटलीने विश्वचषक जिंकला.

1983 मध्ये खेळातून निवृत्त झाल्यावर झॉफ प्रशिक्षक झाले. युव्हेंटस संघात त्यांचे जुने सोबती गाएतानो शिरेआ त्यांचे साहाय्यक होते. 1989 च्या सप्टेंबरात पोलंडमध्ये मोटार-अपघातात शिरेआ मृत्यू पावले. तो घाव उरात ठेवून झॉफ यांनी संघाला सावरले आणि 1990 साली दोन चषक जिंकून दिले.

2000 साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली इटली युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचली. विजय अगदी हाताशी आला असता, शेवटच्या क्षणी फ्रान्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला. देशातील एका बड्या राजकीय नेत्याने झॉफ यांच्यावर जाहीर टीका केली. चुकीबद्दलचा बोल त्यांनी आयुष्यभर सोसला होता. परंतु आपल्या प्रामाणिक कष्टांचा अवमान त्यांना सोसवेना. त्यांनी तत्काळ पदाचा राजीनामा दिला.

चेंडू केव्हा सोडावा आणि केव्हा घट्ट धरावा, हे त्या गोलरक्षकाला पुरते उमगले होते. पद त्यांनी सोडले. स्वाभिमान सोडला नाही.