पाखरांच्या गाण्यात पीएच.डी.

उल्हासनगर-बदलापूरकडची बी.एस्सी. झालेली मुलं अधूनमधून भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो: “सर, पक्ष्यांवर पीएच.डी. करायचीय, कुठली परीक्षा देऊ?” मी उलट विचारतो, “पक्ष्यांविषयी तुला नेमकं काय शोधायचंय?” बहुतेकांची गाडी इथेच अडते. परीक्षांची यादी मोबाइलवर मिळते. प्रश्न मात्र आपला आपल्यालाच शोधावा लागतो, आणि मार्गदर्शक निवडायचा तो त्या प्रश्नावरून.

पक्षी गाणं शिकतो कसा, हे कुतूहल असेल तर पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) डॉ. राघव राजन यांचं काम पाहावं. त्यांचा पक्षी झेब्रा फिंच; मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पिंजऱ्यात सहज वाढणारा. गातो फक्त नर. पिल्लू बापाचं गाणं ऐकून लक्षात ठेवतं, मग स्वतःचा आवाज त्याच्याशी ताडून पाहत घोटतं. साधारण तीन महिन्यांत गाणं पक्कं होतं, ते जन्मभरासाठी. गाण्याआधी फिंच काही छोटे स्वर पुन्हा पुन्हा काढतो. राजन आणि त्यांच्या सहकारी ॲलिसन डूप यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की या स्वरांमधलं अंतर कमी कमी होत जातं आणि मग गाणं सुटतं; गवयाने आधी षड्ज लावून घ्यावा तसं. शिकलेली हालचाल सुरू करायला मेंदू कसा सज्ज होतो, हे यातून उलगडतं. साहजिकच इथे प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र लागतं. दुर्बिणीची हौस पुरत नाही. उलट भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांनाही दार उघडं असतं.

प्रश्न रानातला असेल तर वाट वेगळी. १९३० साली हातात नोकरी नसताना पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीममध्ये सुगरण पक्ष्यांच्या वीणवसाहतीवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. नर घरटं अर्धवट विणतो, मादीने पसंत केलं की पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, हे त्यातून पुढे आलं. आज आयसर तिरुपतीत व्ही. व्ही. रॉबिन यांचा गट पश्चिम घाटातल्या शोला जंगलांतल्या पक्ष्यांची गाणी अभ्यासतो.

आपल्या पट्ट्यातही एक प्रश्न आयता पडलेला आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात, जिथे गोंगाट जास्त तिथले ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं २००३ मध्ये आढळलं. मग अंबरनाथच्या एमआयडीसीलगत किंवा रुळांशेजारी गाणारा दयाळ आणि कोंडेश्वरकडच्या शांत रानातला दयाळ यांच्या गाण्यात फरक असेल का? रेकॉर्डर, कान आणि पहाटे उठण्याची तयारी एवढ्यावर सुरुवात होते. वनक्षेत्रात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यायची. मोजताना एक मेख असते: गोंगाट ध्वनिआलेखाचा खालचा, म्हणजे खालच्या पट्टीचा, भाग झाकून टाकतो, त्यामुळे पक्षी वर न जाताही वर गेल्यासारखा दिसतो. ही फसगत ओळखणं हेच संशोधनाचं पहिलं शिक्षण.

पोटापाण्याचंही बोलायला हवं. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी बढती मिळाल्यावर ४२,००० आणि वर घरभाडं. सगळी मिळून मुदत पाच वर्षांची. बी.एस्सी.नंतर थेट जायचं तर पुण्याच्या आयसरमध्ये जीवशास्त्राची इंटिग्रेटेड पीएच.डी. आहे.

शेवटी पुन्हा दयाळाकडे: हंगामाबाहेर तो फारसा गात नाही. त्याचा हंगाम साधारण मार्च ते जून. तोवर फॉर्म भरा, आवाज तपासायला ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिका, घराजवळची दोन ठिकाणं हेरून ठेवा. हंगाम संपल्यावर मार्गदर्शकाला मेल लिहाल, तेव्हा ‘मला पक्ष्यांची आवड आहे’ या वाक्याच्या जागी तुमचा एक प्रश्न आणि एक आलेख असेल. असे मेल नेहमी वाचणारा माणूस म्हणून सांगतो, आम्ही उत्तर अशांनाच आधी देतो.