शेजारच्या ऑफिसला, बंद पाकिटातून

चेंबूर,
जुलैचा पहिला आठवडा

सीए मॅडम,


भिंतीवर टकटक केली तरी तुम्हाला ऐकू जाईल, आणि हा माणूस पत्र लिहीत बसलाय, याचं नवल वाटेल. पण गोष्ट अशी आहे, की तुमच्या रिसेप्शनवर चार क्लायंट बसलेले असताना ती बोलता येत नाही. दुकानदारांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायची तर सोयच नाही. ते म्हणजे सगळ्या बिल्डिंगला आमंत्रण. पोराच्या हाती तोंडी निरोप धाडला असता तर तो तुमच्या शिपायापाशीच अडकला असता. म्हणून बंद पाकीट, वर तुमचं नाव.

तुमच्या ऑफिसचं वायफाय उघडं आहे. मोबाइलच्या यादीत फर्मच्या नावापुढे पूर्वी कुलपाची खूण दिसायची, ती हल्ली दिसत नाही. म्हणजे नावावर बोट ठेवलं की पासवर्ड न विचारता आत. ही यादी फुटपाथवरून जाणाऱ्या कुणाच्याही फोनवर दिसते आणि मला कळलं तेही तेवढ्यावरूनच. मी आत शिरलेलो नाही, हे मुद्दाम लिहून देतो. दुकानातल्या आमच्या पोराला भलतीच कल्पना सुचली होती: ‘काका, त्यांच्याच प्रिंटरवर एक कागद काढू, तुमचं वायफाय उघडं आहे म्हणून!’ त्याला गप्प केलं. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं आयटी कायद्याच्या ४३ व्या कलमात येतं. पासवर्डच नव्हता, असं म्हणून सुटता येत नाही. शिवाय आपल्या प्रिंटरमधून असा कागद आपोआप बाहेर आला तर कुणीही आधी घाबरेल, आणि घाबरलेल्या माणसाला पुढचं काही सांगता येत नाही.

झालं कसं असेल, याचा माझा अंदाज सांगू? मध्यंतरी तुमच्याकडे नवा प्रिंटर आला. तो वायफायला जोडता जोडता जोडणारा वैतागला असणार, आणि ‘आत्तापुरतं’ म्हणून सुरक्षेचा पर्याय काढून टाकला असणार. प्रिंटर चालला, माणूस गेला. आपल्याकडे ‘आत्तापुरतं’ फार दिवस टिकतं.

आता मला एवढं का लागलं, ते सांगतो. झेरॉक्सच्या आधी मी याच गाळ्यात सायबर कॅफे चालवायचो. २००८ साली २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेली होती. तिचा माग निघाला तो नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं आणि भलत्यानेच ते वापरलं होतं. त्या माणसाचा कॉम्प्युटर गेला, चौकशीत झोप उडाली, नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. ऑगस्टमध्ये तशीच मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेली. आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाची मेल आपल्या चेंबूरमधून, एका छोट्या कंपनीच्या नेटवर्कवरून. तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल. तुमचे अण्णा रोज संध्याकाळी पेपर घेऊन माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, ‘अरे, पण यात त्या कंपनीचा दोष काय?’

दोष नव्हताच. पण पोलिसांच्या हाती जो आयपी पत्ता लागतो तो कनेक्शनचा असतो. राउटरच्या मागे दहा फोन असोत की पन्नास, बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात, आणि तो पत्ता इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या दप्तरी ज्याच्या नावावर, त्याच्याकडे आधी माणसं येतात. आत नेमकं कोण होतं हे राउटरला विचारावं, तर बहुतेक लहान राउटर फार मागचं काही जपून ठेवत नाहीत. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरून उघडी नेटवर्कं हुडकायचं जाहीर केलं. आणि २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियमच आले: येणाऱ्याचं ओळखपत्र पाहा, वहीत नोंद करा, नोंदी वर्षभर सांभाळा. दहा रुपयांचं इंटरनेट वापरायला आलेल्या म्हाताऱ्यालाही मी ओळखपत्र मागितलेलं आहे, आणि त्याने मला चार शब्द सुनावलेले आहेत. मॅडम, आज तुमच्या फर्मच्या नावाने तोच कॅफे चालू आहे. फक्त वही नाही.

उगाच बागुलबुवा उभा करत नाही. २००८ आणि आज यांत फरक आहे. तेव्हा उघड्या वायफायवर बरीचशी ये-जा उघड्या अक्षरांतच चालायची. जवळ बसलेला हुशार माणूस दुसऱ्याची मेल वाचू शकायचा. आता आयकर पोर्टल, बँका, मेल हे सगळं ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंत गुंडाळून जातं, त्यामुळे बाहेर बाकावर बसून कुणी तुमच्या क्लायंटचं रिटर्न भरताना वाचेल, ही भीती फारशी नाही. खरी काळजी ऑफिसच्या आतली. एकदा नेटवर्कमध्ये आलेल्या फोनला तुमचा प्रिंटर दिसतो, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर दिसतो, राउटरचं पान दिसतं (त्याचं नाव आणि पासवर्ड दोन्ही अजून ‘अॅडमिन’च असतील तर मग आनंदच), आणि टीममधल्या सगळ्यांना सोयीचं म्हणून पासवर्डशिवाय शेअर केलेलं फोल्डर असेल तर तेही. जुलैत त्या फोल्डरमध्ये काय काय असतं हे मी तुम्हाला काय सांगायचं? निम्म्या चेंबूरचे फॉर्म १६ आणि पॅन कार्डं. त्यांतली बरीचशी स्कॅन माझ्याकडूनच झालेली.

तुमच्या पायरीवर संध्याकाळी डिलिव्हरीची मुलं फोन घेऊन बसतात. ती तुमच्या वायफायवर असतात का, मला ठाऊक नाही, आणि असली तरी त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कृपा करून त्यांना हाकलू नका. उलट त्यांना, क्लायंटना, कुणालाही फुकट इंटरनेट द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. अण्णांचा स्वभाव तसाच होता. पण पाणपोई मांडणं वेगळं आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहणं वेगळं. हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. त्यावर इंटरनेट मिळतं, ऑफिसचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. त्यालाही पासवर्ड ठेवा आणि अधूनमधून बदला.

मुख्य नेटवर्कसाठी केबलवाल्याच्या माणसाला नुसतं ‘पासवर्ड टाक’ म्हणू नका. राउटर जुना असेल तर तो कदाचित ‘डब्ल्यूईपी’ निवडून मोकळा होईल. ते कुलूप २००१ मध्येच संशोधकांनी खिळखिळं केलं आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या तिघांनी ते मिनिटभराच्या आत उघडून दाखवलं. अमेरिकेत कपड्यांच्या दुकानांची एक मोठी साखळी २००५ मध्ये याच कुलपाच्या भरवशावर होती. मिनेसोटातल्या एका दुकानाच्या वायफायमधून चोर आत शिरले, तिथून मुख्य कचेरीपर्यंत पोचले, आणि निदान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली. तेव्हा ‘डब्ल्यूपीए२’च्या खाली तडजोड नको, ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ते. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची बटण दाबून जोडायची सोय असते, ती बंद करायला लावा. तिचा पिन म्हणायला आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. नेटवर्कचं नाव लपवा असं कुणी सुचवलं तर ऐकून सोडून द्या, शोधणाऱ्याला ते दिसतंच. राउटरच्या पानाचा पासवर्डही त्याच वेळी बदला. आणि नवा पासवर्ड रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर चिकटवू नका. तुमचं दार काचेचं आहे, आणि समोरच्या बसस्टॉपवरून तुमचं कॅलेंडरसुद्धा वाचता येतं.

मला तो पासवर्ड सांगू नका. मदत लागली तर पोराला पाठवतो, पण टाइप तुमच्या माणसानेच करावा.

तुमचा शेजारी,
झेरॉक्सवाले काका

ता. क. : हे काम संध्याकाळी शेवटचा क्लायंट गेल्यावर करा. पासवर्ड बदलला की सगळे लॅपटॉप, फोन आणि तो प्रिंटर एका झटक्यात तुटतात आणि एकेक करून परत जोडावे लागतात. महिनाअखेरीच्या गर्दीत भर दुपारी केलंत, तर तुमचं सगळं ऑफिस माझ्या नावाने खडे फोडेल.