एक थेंब तेल

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दिवाळीला नाचणगावला गेलो होतो आणि आठ दिवसांतले चार दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून काढले. नातेवाईक मंडळींना अर्धी गोष्ट ठाऊक आहे, उरलेली इथे वाचा.

आमची अॅम्बेसेडर नोव्हा बाबांनी 2001 साली जुनीच घेतली होती. लग्नसराईत ती पुलगाव-देवळी-वर्धा भाड्याने धावायची, तिच्यावर माझ्या शिक्षणाची फी निघाली. हा कारखाना 2014 मध्ये बंद पडला, पण बाबांच्या लेखी गाडी म्हणजे हीच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला, पाना धरवेना, आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. दादाने गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. मी म्हटलं, चालू करून दाखवतो, मग ठरवा.

टॅपेट कव्हरखालची बुचाची पॅकिंग उभ्या उभ्या वाळून आकसली होती. नवी आणली, अर्ध्या तासात बसवली, वरचे दोन्ही नट जीव खाऊन आवळले. आईबाबांना बसवून वर्ध्याकडे निघालो तर देवळीच्या अलीकडेच जळक्या तेलाचा वास आणि बॉनेटमधून निळा धूर! कव्हरमधून झिरपलेलं तेल खाली तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. हे नुसतं ओंगळ नव्हे, आगीचंही काम आहे. परतताना बाबा एक शब्द बोलले नाहीत. दादाचा फोन आला, तर म्हणाला, "दे आता भंगारात."

रात्री बाबा शेडमध्ये आले. "अबे, एवढा कायचा जोर लावला? हे का गठाण होय दाबून बांधाले?" आयुष्यभर जिन-प्रेसमध्ये फिटर होते ते. गठाण आवळावीच लागते. बुचाचं उलट आहे. ते थोडं दबलं तरच फटी भरतं, फार दाबलं तर चिरडून बाहेर येतं. शिवाय नट फक्त मधल्या रेषेवर दोन, आणि कव्हर पातळ पत्र्याचं. जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि कडा उचलल्या जातात. म्हणजे मी गळती थांबवायला जितका जोर लावला, तितकी ती वाढवली होती.

सकाळी मी रॉकेलने इंजिन पुसून कोरडं केलं. बाबांनी आईची पावडर मागितली (आई रागावली, ते वेगळं). ती कव्हरच्या भोवती भुरभुरली आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. उघडलं तर तिथेच जुन्या पॅकिंगचा पापुद्रा हेडला चिकटलेला! घाईत मी तो खरवडलाच नव्हता.

कव्हर आरशाच्या काचेवर उलटं ठेवलं, तर डुगडुगलं. लाकडी फळीवर हलक्या हातोडीने त्याची कड सरळ केली. तुकडे आत पडू नयेत म्हणून इंजिनच्या भोकांत फडकी कोंबून हेड खरवडलं, पेट्रोलने पुसलं. नवी पॅकिंग फक्त कव्हरच्या बाजूने चिकटवली, हेडची बाजू कोरडी ठेवली, आणि रात्रभर वर पाट्याचं वजन ठेवलं. नटाखालची रबरं लाकडासारखी कडक झाली होती, तीही बदलली. ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली निघाली. आतली हवा कोंडली की ती तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते.

नट आवळायची वेळ आली. पाना माझ्या हातात, बाबांचा हात माझ्या मनगटावर. त्यांचा हात थरथरत होता, पण त्यांनी दाबलं की मी थांबायचो. एक नट थोडा, मग दुसरा थोडा. मला वाटलं अजून एक आटा बसेल. "बस झालं," म्हणाले. मी थांबलो. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच!

देवळीपर्यंत जाऊन आलो. ना वास, ना धूर. रात्री गाडीखाली पेपर अंथरला. सकाळी इंजिनच्या डाव्या बाजूला कोरडा, फक्त मागे गिअरबॉक्सखाली एक थेंब. मी हिरमुसलो. बाबा म्हणाले, "तेवढं टाकूच दे तिले."

दादाचं गिऱ्हाईक आलं, चहा घेऊन गेलं. बाबांनी त्याला सांगितलं, "पुढच्या वर्षी पाहू."

पाना मी पुण्याला आणला नाही, तिथेच खुंटीवर ठेवला आहे.