षट्कर्णीं झालेला परवलीचा शब्द

परभणी जिल्ह्यांत विमानतळ नाहीं. तरी परदेशीं गेलेल्या मुलासुनांमुळें विमानप्रवास आमच्या घरोघरीं पोंचला आहे. वारंवार प्रवास करणाऱ्यांस विमानकंपन्या जे गुण देतात, त्यांवर पुढें तिकीट मिळतें. अर्थात् ते द्रव्यच होय. परंतु तिजोरीची किल्ली जपणारी मंडळी या खात्याचा पासवर्ड स्वतःचें नांव व जन्मवर्ष जोडून करितात, तोच बँकेसहि लावितात आणि घरांत सर्वांस सांगून ठेवितात!

सन २०२१ मध्यें एअर इंडियाच्या सुमारें ४५ लक्ष प्रवाशांसंबंधीं माहिती चोरीस गेल्याचें उघड झालें. तींत नांवें, जन्मतारखा व गुणखात्यांचा तपशील होता. पासवर्ड नव्हते, पण वरील प्रकारचा शब्द ताडण्यास चोरास मग कितीसा वेळ लागणार?

एकत्र कुटुंबांत गुप्तता म्हणजे अविश्वास, असें कित्येकांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. शब्द षट्कर्णीं झाला कीं एकाचें भोळेपण सर्वांस भोंवतें. म्हणून प्रत्येक खात्यास निराळा, लांब शब्द योजावा. तो वहींत लिहून ती वही दागिन्यांबरोबर कुलुपांत ठेवावी. आणि दूरध्वनीवरून विचारणाऱ्यास तो शब्द वा ओटीपी कदापि सांगूं नये. त्या गुणांवर एखाद्या मुलाचें दिवाळीस घरीं येणें अवलंबून असतें, हें विसरूं नये.