मी साखर वगळली होती

पेशीपटलाची आकृती मी डोळे मिटूनही फळ्यावर काढू शकते. गोल डोक्यांच्या दोन ओळी, आत वळलेल्या दोन-दोन शेपट्या, मध्येमध्ये प्रथिनांचे गोळे. खाली ठरलेलं वाक्य : ‘पेशीपटल हे निवडक्षम पारपटल आहे.’ २१ वर्षं मी हे शिकवलं. पटल म्हणजे वाड्याचा दरवान, कोणाला आत सोडायचं ते तो ठरवतो, असं मुलांना सांगत आले. मुलांना ते पटायचं, पेपरात उत्तरं बरोबर यायची. पटल ही पेशीची नुसती कड आहे, खरं कामकाज आत केंद्रकात आणि तंतुकणिकांत चालतं, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून तो भाग मी एका तासात उरकत असे.

ही समजूत मोडली आण्णांच्या आजारपणात. मे महिन्यात मी माहेरी होते. गावच्या जत्रेनंतर आण्णांना जुलाब सुरू झाले. वय ७८, मधुमेह जुना. घरात ओआरएसचं पाकीट होतं. उलटून वाचलं तर सगळ्यात जास्त वजन ग्लुकोजचं, लिटरमागे साडेतेरा ग्रॅम. मी ते बाजूला ठेवलं. साखर चवीसाठी आणि तरतरीसाठी असते, आण्णांना ती कशाला, असं ठरवून उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि लिंबू घालून दिवसभर पाजत राहिले. संध्याकाळी त्यांच्या मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. दुपारपासून लघवी झाली नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दवाखान्यात सलाईन लागलं. तिथले तरुण डॉक्टर विचारत होते, घरी काय काय दिलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “बाई, साखर का काढलीत? जुलाबात मिठाला आत न्यायला तीच तर लागते.” मी विज्ञान शिकवते, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

आण्णा तीन दिवसांत घरी आले. मी मात्र त्या एका वाक्यापाशी अडकले आणि सुट्टीभर वाचत बसले.

लहान आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन असतं. त्यात सोडियमच्या दोन कणांना आणि ग्लुकोजच्या एका कणाला जागा असते. तिघं बसले की प्रथिन आकार बदलतं, आतल्या बाजूला उघडतं आणि तिघांना पेशीत सोडतं. त्यांच्यामागून पाणी जातं. पेशीच्या दुसऱ्या अंगाच्या पटलात एक पंप अखंड चालू असतो. दर फेरीला तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे आत सोडियम कायम कमी राहतं आणि आतड्यातलं सोडियम आत ओढलं जातं. पटकीसारख्या जुलाबात जंतूंचं विष हे पटल फाडत असणार, असं मला वाटायचं. तसं नाही. ते पटलातल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवायला लावतं, म्हणून पाणी बाहेर लोटतं. मीठ शोषण्याची नेहमीची एक वाटही अडते. पण ग्लुकोजच्या सोबतीची वाट तेव्हाही चालू राहते. जीव वाचतो तो त्या वाटेने, आणि नेमकी तीच मी साखर काढून बंद केली होती.

सोडियम-ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आलं. हे माझ्या देशात, माझ्या विषयात घडलं होतं, आणि माझ्या तासाला मी त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता.

आता दरवान मी पुसून टाकला आहे. दरवान एका जागी उभा असतो. पटल तर वाहतं. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जुळवली. दोन्हींची प्रथिनं सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या भागात होती, ३७ अंशांवर सुमारे ४० मिनिटांत ती सगळीकडे मिसळली. थंडीत ठेवलेल्या पेशींत ती जागची हलली नाहीत. म्हणजे जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचं हे पटल तेलासारखं पातळ असतं आणि प्रथिनं त्यात तरंगत फिरतात.

वर्गात मी तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवते. कड्यात पडदा धरतो, त्यावरचे रंग सरकताना दिसतात. कोरडं बोट लावलं की पडदा फुटतो. ओलं बोट आरपार जातं, बाहेर काढलं की पडदा पुन्हा अखंड. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन उभी राहतात. मग बेदाणे पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात, आणि शेवटी ओआरएसचं पाकीट मोठ्याने वाचायचं. एका तासाच्या जागी तीन तास जातात. ते देणं लागतं, असं माझं मत झालं आहे.

घरी कोणाला जुलाब झाले तर एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात सगळंच्या सगळं घाला. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्याला सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. माणूस मधुमेही असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा, पण आपल्या मनाने साखर काढू नका.